रिपोर्टमधला २७८ आणि कंसातलं घोरणं

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

मी ४९ वर्षांचा आहे. गेलं वर्ष-सव्वा वर्ष कशातच राम वाटत नाही. सकाळी उठतानाच थकलेला असतो. दुपारी मीटिंग चालू असताना डोळे मिटतात. पहाटे चारला जाग येते ती येतेच. वजन दहा-बारा किलोंनी वाढलंय. घरी फुटकळ गोष्टीवरून भडका उडतो. परवा मुलानं दार जोरात आपटलं म्हणून त्याच्यावर असा ओरडलो की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बायकोजवळ जायची इच्छाच होत नाही. (तशीही ती हल्ली दुसऱ्या खोलीत झोपते, माझ्या घोरण्यामुळे. म्हणते, मध्येच तुझा श्वास थांबतो आणि मला धडकी भरते.) झोप लागावी म्हणून रात्री दोन पेग घेतो. मागच्या वर्षी वडील गेले, पण त्यांचं वय झालं होतं, त्यामुळे त्याचं एवढं काही नाही.

जिममधला मित्र म्हणाला, हा पुरुषांचा मेनोपॉज, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासून घे. त्या आठवड्यात तापातून उठलो होतो, तरी ऑफिस सुटल्यावर जाऊन रक्त दिलं. २७८ आलं, शेजारी खाली जाणारा बाण. मित्र म्हणतो, तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, मी आणून देतो, महिन्यात माणूस बदलतो. घेऊ का? आणि घरी काय सांगू, बायकोला आणि मुलाला? कधीकधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. असो.

उत्तर

शेवटचं वाक्य लिहून तुम्ही ‘असो’ म्हणून मोकळे झालात. मी तिथूनच सुरुवात करते, कारण इंजेक्शनचा प्रश्न आठवडाभर थांबू शकतो, हा नाही.

जाग आली नाही तर बरं असं वाटणं आणि जीव द्यायचा विचार करणं यांत अंतर असतं, पण ते किती आहे हे कुणी विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून सरळ विचारते. कसं, कुठे, कधी, असं काही मनात येऊन गेलंय का? त्यासाठी काही जमवून ठेवलंय का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचू नका. आत्ताच बायकोला, भावाला, जो जवळ असेल त्याला सांगा, एकटे राहू नका, आणि रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा तुमच्या भागातल्या आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनला फोन लावा. उत्तर ‘नाही’ असलं तरी डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या. पुरुष नेमकं उलटं करतात. पंधरा मिनिटं पोटाच्या घेराबद्दल बोलतात आणि निघताना, दाराला हात लावल्यावर म्हणतात, “आणि हो, कधीकधी असंही वाटतं...” तोवर बाहेरचा पेशंट आत यायला उठलेला असतो. जगात जवळपास सगळीकडे आत्महत्या करणाऱ्यांत पुरुष जास्त असतात आणि नैराश्याचं निदान मात्र बायकांमध्ये जास्त होतं. याला कारणं अनेक आहेत. तुमचं ‘असो’ हे त्यांतलं एक.

आता इंजेक्शन. नको. निदान आत्ता नको, आणि मित्राच्या हातून कधीच नको.

तुमचा २७८ (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) हा आकडा कमी आहे की नाही, हे रेषा कोण आखतंय यावर ठरतं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० च्या खाली गेलं की कमी म्हणते. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी, सडपातळ तरुणांवरून काढलेली खालची मर्यादा २६४ आहे. म्हणजे तुम्ही एका रेषेच्या खाली आणि दुसरीच्या वर आहात. शिवाय रक्त दिलंत संध्याकाळी, तेही तापातून उठल्या उठल्या. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं. खाण्यानंतर उतरतं, आजारपणात उतरतं. त्यामुळे ही तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, तब्येत ठीक असताना आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करायची असते. तुमच्या रिपोर्टवर यातली एकही अट पुरी झालेली नाही. तो बाण विसरा.

पुन्हा तपासाल तेव्हा सोबत एसएचबीजी करून घ्या. टेस्टोस्टेरॉनचा मोठा भाग प्रथिनांना चिकटून रक्तात फिरतो, अगदी मोकळं असतं ते दोन टक्क्यांच्या आसपास. पोट सुटलं की एसएचबीजी हे वाहून नेणारं प्रथिन घटतं, आणि मग एकूण आकडा खाली दिसतो पण मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीकठाक असतं. दोन्ही सकाळी खरंच कमी आलं, तर डॉक्टर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीची हार्मोन्स बघतील. बिघाड वृषणात आहे की वरून हुकूम सोडणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीत, हे त्यातून कळतं. त्याच रक्तात थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखरेचं एचबीए१सी होऊन जाऊ द्या. थकव्याची खरी कारणं बरेचदा इथे सापडतात आणि त्यांच्यावर इलाजही सोपा असतो.

मेनोपॉजचं म्हणाल तर बाईच्या बीजकोशांचं काम काही वर्षांत थांबतं, इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन धाडकन खाली येतं. पुरुषाचं तसं होत नाही. तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का, इतक्या संथ चालीनं टेस्टोस्टेरॉन उतरतं, आणि अनेकांना म्हातारपणापर्यंत पुरतं. वर्ष-सव्वा वर्षात माणूस असा बदलला, तर एक टक्क्याच्या उतारावर त्याचं खापर फोडता येत नाही. युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून जास्त पुरुषांचा मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थकवा, उदासी, झोप अशी ३२ लक्षणं तपासली होती. कमी टेस्टोस्टेरॉनशी घट्ट जोडलेली निघाली ती फक्त तीन, आणि तिन्ही लैंगिक: इच्छा कमी होणं, संबंधाच्या वेळी ताठरता न येणं, आणि सकाळी उठताना येणारी ताठरता कमी होणं. ही तिन्ही लक्षणं आणि खरोखर कमी आकडा, असे दोन्ही निकष लावल्यावर उरले सुमारे दोन टक्के पुरुष. चाळिशीतल्यांत तर हजारात एखादा.

तुम्ही इच्छेबद्दल लिहिलंत, बाकी दोन्हींबद्दल काहीच नाही. सकाळचं जरा लक्षात घ्या आणि डॉक्टरांना न लाजता सांगा. संबंधाच्या वेळी ताठरता येत नसेल तर तेही सांगा, कारण तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. चरबी साचायला लागली की आधी तिथे जाणवतं, छातीत नंतर. वाढलेलं वजन, वय आणि हा त्रास एकत्र असला तर हृदयाची तपासणी व्हायलाच हवी.

‘महिन्यात माणूस बदलतो’ हा दावा मित्राच्या आधीही केला गेलाय. १८८९ मध्ये ब्राउन-सेकार या बहात्तरीच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञानं कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि पॅरिसच्या विद्वत्सभेत सांगितलं की ताकद परत आली, थकवा गेला, डोकं तरतरीत झालं. अर्क पाण्यात काढलेला होता, आणि टेस्टोस्टेरॉन पाण्यात जेमतेमच विरघळतं. म्हणजे त्या सुईत बहुधा काही नव्हतंच. खरं टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती आलं १९३५ मध्ये. पण म्हाताऱ्याला बरं वाटलं ते त्याच्यापुरतं खरंच होतं. तुमच्या मित्रालाही वाटत असेल.

आज खऱ्या औषधाचं काय होतं तेही सांगते. पासष्टीपुढच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांवर वर्षभर चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आला. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांची लैंगिक इच्छा बऱ्यापैकी वाढली, मूड किंचित सुधारला, थकव्यात म्हणावा असा फरक पडला नाही. ज्यांचं खरंच कमी होतं त्यांची ही गोष्ट. तुमच्या तक्रारींत वर काय आहे? थकवा आणि मूड. शिवाय बाहेरून आयता माल यायला लागला की शरीर स्वतःचा कारखाना बंद करतं. शुक्राणू घटतात, आणि सोडल्यावर पूर्ववत व्हायला काही महिने जातात. रक्त दाट होतं. म्हणून डॉक्टर आधी आणि नंतरही रक्ताचा दाटपणा आणि प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी करत राहतात. २०२३ मध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून जास्त पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल आला. हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, हे चांगलं, पण हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. हे सगळं सांभाळून देता येणारं औषध आहे. जिमच्या लॉकरमधून घ्यायचं नाही.

आणि तुमच्या बाबतीत एक खास कारण आहे. झोपेत श्वास अडकण्याचा आजार तीव्र असेल आणि त्यावर उपचार झालेले नसतील, तर टेस्टोस्टेरॉन सुरू करू नये, असं मार्गदर्शक सूचना सांगतात.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तुम्ही कंसात घातलीत. मोठं घोरणं, मध्येच श्वास थांबणं आणि तो थांबलेला प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदार, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागणं, वाढलेलं वजन, पन्नाशीला टेकलेलं वय, पुरुष असणं. झोपेच्या तज्ज्ञाला एवढं पुरतं. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात त्याला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि श्वास सुरू करून पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. तासाला पंधराच्या पुढे असे प्रसंग झाले तर आजार मध्यम, तिसाच्या पुढे तीव्र. तीव्र आजारात रात्रभरात दोनशेवर वेळा उठवलेला माणूस सकाळी थकलेला नसेल तर काय असेल? चिडचिड, विसरभोळेपणा, इच्छा मरणं, मन उदास होणं, हे सगळं याच्या मागोमाग येतं.

अपुऱ्या झोपेनं टेस्टोस्टेरॉनही उतरतं. २०११ मधला एक छोटा प्रयोग आहे. दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी खाली आलं. पोटाची चरबीही त्यात भर घालते, कारण तिथलं ॲरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. म्हणजे तुमचा आकडा उद्या सकाळीही कमी आला, तरी ते मूळ कारण असेल की परिणाम, हा प्रश्न उरतोच. मला परिणाम असण्याची शक्यता जास्त वाटते.

झोपेची तपासणी आता बरेचदा घरीच होते. बोटाला, नाकापाशी, छातीला छोटी उपकरणं लावून एक रात्र झोपायचं. आजार निघाला तर सीपॅप नावाचं मशीन देतात, मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घसा उघडा ठेवतं. पहिले काही आठवडे मास्क नकोसा होतो, बरेच जण इथेच सोडून देतात. मास्कचा आकार बदलून मिळतो, तेव्हा तक्रार करा, पण सोडू नका. यानं टेस्टोस्टेरॉनचा आकडा वाढेलच असं नाही. दिवस मात्र परत मिळतो. तोवर लांबचं ड्रायव्हिंग दुसऱ्याकडे द्या. मीटिंगमध्ये डोळा लागला तर फार तर हसं होईल, स्टिअरिंगवर तसं नाही.

दोन पेगांबद्दल उपदेश करत नाही, हिशोब सांगते. दारूनं झोप लवकर लागते, घसा आणखी सैल पडतो, श्वास जास्त वेळा अडकतो, आणि चार-पाच तासांनी नशा उतरली की जाग येते. तुमची पहाटेची चारची वेळ यात चपखल बसते. मनात मरणाचे विचार असताना तर रात्री दारू नकोच, आवर घालणारं डोकंच तेव्हा गुंगलेलं असतं. दोनाचे चार-पाच झाले असतील आणि सांगताना तुम्ही दोन म्हणत असाल (बरेच जण म्हणतात), तर एकदम तोडू नका. हात कापणं, घाम, क्वचित फिट येणं असे त्रास होतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवतात.

पण पहाटे जाग येण्याचं दुसरंही कारण असू शकतं, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. नैराश्य. पहाटे लवकर जाग येणं आणि त्या वेळी मन सगळ्यात जड असणं ही त्याची जुनी खूण आहे. मूड गेलेला असणं किंवा कशातच रस न वाटणं, दोन आठवडे, जवळजवळ रोज, सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांची घडी विस्कटलेली आणि मरणाचे विचार. तुमच्या पत्रात यातलं बरंच काही आहे, नाही आहे तो फक्त ‘उदास’ हा शब्द. पुरुषांमध्ये नैराश्य अनेकदा रडण्याऐवजी भडक्याच्या रूपात बाहेर पडतं, दारूत पडतं, अबोल्यात पडतं. माझ्यासमोर बसणारे कितीतरी पुरुष मनापासून इच्छा करत असतात की रिपोर्टमध्ये काहीतरी निघावं. हार्मोन कमी आहे असं सांगता येतं, मन खचलंय असं सांगता येत नाही. ही इच्छा मला समजते. पण तिच्यापायी चुकीचं औषध टोचून घ्यायला माझा विरोध आहे.

वडील मागच्या वर्षी गेले. तुमचा त्रास वर्ष-सव्वा वर्षाचा. तारखा जुळवून बघा. वय झालेला बापही गेला की माणूस पोरका होतो, आणि त्याच वेळी घरात सगळ्यांत मोठाही होतो. हेच कारण आहे असं मी म्हणत नाही. पण ‘त्याचं एवढं काही नाही’ असं तुम्ही न विचारता सांगितलंत.

नैराश्यावर बोलण्याचे उपचार आहेत, औषधं आहेत, दोन्ही एकत्रही देतात. औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला आणखी. काही औषधांनी लैंगिक इच्छा अजून कमी होते. तुमची ती तक्रार आहेच, तेव्हा आधीच सांगा. हा त्रास कमी असलेली औषधं आहेत, डोसही बदलता येतो. परस्पर बंद करू नका. समुपदेशनात पहिल्याच भेटीत आत्मा उघडा करावा लागतो असं समजून घाबरू नका. पहिल्या काही भेटी झोप, दिनक्रम, भांडणं अशा व्यवहाराच्याच असतात. आणि ॲप्निया निघाला म्हणून ही बाजू सोडून देऊ नका, दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

व्यायामाचं तुम्हाला कुणी सांगायला नको, जिमला जाताच. वजनं उचलत असाल तर तासाभराचं रोजचं चालणं जोडा, सकाळच्या उजेडात. मन लागेल तेव्हा जाईन, असं ठरवलंत तर जाणं होणार नाही. ठरल्या वेळी बूट घालून बाहेर पडायचं, मन मागून येतं.

आता बायको. दुसरी खोली घोरण्यामुळे हे तुम्ही मला सांगितलंत, पण जवळ न जाण्याचं कारण तिला सांगितलंय का? नसेल सांगितलं, तर तिनं स्वतःच काहीतरी अर्थ लावला असणार, आणि तो तिच्या स्वतःच्या विरोधात असण्याची शक्यता मोठी. तिच्या वयानुसार तिच्याही शरीरात उलथापालथ सुरू असू शकते. बोला, पण रात्री अंथरुणात नको, दिवसा, शेजारी शेजारी चालताना वगैरे. “मला वर्षभर बरं वाटत नाहीये. तुझ्यामुळे नाही. डॉक्टरांकडे जायचंय, तू सोबत ये.” एवढं पुरे. ती सोबत हवीच, कारण तुमचा श्वास थांबताना तिनं पाहिलाय, तुम्ही नाही. तिला म्हणावं, एका रात्री फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ. डॉक्टरला तो तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडेल. शेवटच्या वाक्यात मला लिहिलंत ते तिलाही सांगा. तिला धक्का बसेल. तरी सांगा.

मुलाला हार्मोन, झोप, यातलं काही समजावत बसू नका, ते त्याला सबब वाटेल. त्याच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणा, “परवा मी ओरडलो ते चुकलं. दाराचं ते एवढं काही नव्हतं. माझी तब्येत बरी नाही, मी दाखवायला जातोय.” तो ‘हं’ म्हणेल आणि फोनमध्ये बघेल. उत्तराची वाट बघत उभे राहू नका. डॉक्टरांची तारीख ठरली की तीही त्याला सांगून टाका.